बेळगाव ते बसवनगुडी : पोहणाऱ्या पोरांबरोबर एक वर्ष

माझ्या वडिलांना पोहता येत नाही. गेल्या वर्षापर्यंत मलाही येत नव्हतं. बेळगावात वाढलेल्या माणसानं हे सांगणं जरा लाजिरवाणंच, कारण आमच्या लहानपणी उन्हाळ्याची सुट्टी म्हणजे विहीर. कंबरेला वाळका भोपळा नाहीतर पत्र्याचा रिकामा डबा बांधायचा, ट्रॅक्टरच्या चाकाची ट्यूब पाण्यात टाकून ठेवायची, आणि एखाद्या दांडग्या दादानं मागून ढकलून द्यायचं. चार दिवस नाकातोंडात पाणी जायचं, पाचव्या दिवशी पोरगं मुटके मारायला लागायचं आणि पंधरवड्यात सूर. माझे सगळे मित्र असेच शिकले. मी काठावर बसून त्यांचे कपडे राखायचो.

त्याला कारण होतं. येळ्ळूरच्या वाटेवर आमचं भाताचं शेत आहे. त्या शेतातल्या विहिरीत माझ्या वडिलांचा थोरला भाऊ बुडाला. तेरा वर्षांचा होता, आणि चांगला पोहणारा होता म्हणतात. त्या दिवसापासून आज्जीनं घरातल्या कुणालाच पाण्याजवळ जाऊ दिलं नाही. गणपती विसर्जनाला कपिलेश्वर तलावावर गेलो तरी तिचा हात माझ्या शर्टाच्या कॉलरवर असायचा.

दोन वर्षांपूर्वी बायकोनं मला न विचारता मुलीचं नाव गोवावेसच्या जलतरण तलावावर उन्हाळी बॅचमध्ये घातलं. बायकोचं माहेर गोव्यातलं, नदीकाठचं. "पाणी टाळून कुणी वाचत नाही," एवढंच ती म्हणाली. आज्जीला काय सांगायचं हा प्रश्न होता. ती आता सत्त्याऐंशी वर्षांची आहे. शेवटी आम्ही सगळ्यांनी मिळून ठरवलं आणि सांगितलं, पोरगी कराटेला जाते. ओले केस बघून आज्जी विचारायची, "एवढा घाम?" आणि मग स्वतःशीच, "कसलं मेलं ते कराटे!"

चौदा पोरं, चार भाषा

त्या बॅचमधून पुढे मुलगी नेहरूनगरच्या सुवर्ण जेएनएमसी तलावावर सराव करणाऱ्या टीममध्ये गेली. हा तलाव ऑलिंपिकच्या मापाचा, म्हणजे ५० मीटर लांब. पहिल्या दिवशी पहाटे साडेपाचला मी एका टोकाला उभा राहिलो, तर दुसरं टोक धुक्यात दिसेना. हिच्याकडून हे पार होणार? ती अकरा वर्षांची, वजन एकतीस किलो.

टीममध्ये चौदा पोरं होती. शहापूर आणि वडगावची मराठी, अनगोळची कन्नड, कॅम्पातली उर्दू बोलणारी दोन भावंडं, आणि एक कोकणी कुटुंबातला मुलगा. सर आकडे मोजायचे कन्नडमध्ये, रागवायचे मराठीत, आणि कौतुक करायची वेळ आलीच तर इंग्रजीत 'ओके' म्हणायचे. पोरांची आपसातली भाषा वेगळीच. "बेगा जा की!" हे वाक्य अर्धं कन्नड आणि अर्धं मराठी आहे, हे त्यातल्या एकालाही माहीत नव्हतं.

माझी नोकरी पुण्याच्या कंपनीत, पण काम घरून. त्यामुळे पोरीला सोडायची-आणायची जबाबदारी माझ्यावर आली. गॅलरीच्या पायरीवर लॅपटॉप उघडून सकाळची पहिली मीटिंग मी तिथूनच करायचो. एप्रिलमध्ये पोरं दिवसाला दीड किलोमीटर पोहायची. मे संपेपर्यंत सरांनी ते तीन किलोमीटरवर नेलं, म्हणजे त्या लांबीच्या साठ फेऱ्या. पण वेगाचं नाव नाही. पहिला महिना नुसतं फळी धरून पाय मारणं आणि श्वास. मला हे कळेना. स्पर्धा वेळेची आणि हे वेळच लावत नाहीत!

मी मग स्वतःच वेळ लावायला सुरुवात केली. इंजिनिअरचा रोग. मोबाइलवर स्टॉपवॉच, घरी आल्यावर एक्सेलमध्ये नोंद, चौदा पोरांचे चौदा आलेख. मे महिन्यात बहुतेक रेघा वर चढल्या, म्हणजे पोरं आधीपेक्षा हळू झाली होती. मी काळजीनं लॅपटॉप सरांना दाखवला. त्यांनी दहा सेकंद बघितलं आणि म्हणाले, "साहेब, ही पोरं आत्ता दमलीत. दमलेल्या पोराचं टायमिंग घेऊन काय करणार? जूनमध्ये बघू."

हे गणित मला नंतर समजलं. आधी शरीरावर भार टाकत न्यायचा, आणि स्पर्धेच्या दहा-पंधरा दिवस आधी सराव हळूहळू कमी करायचा. मग अंगात मुरलेली मेहनत वर येते. ज्या आठवड्यात पोरं कमी पोहली, त्याच आठवड्यात सगळ्या रेघा एकदम खाली आल्या. मुलगी ५० मीटर फ्रीस्टाइल ३९.८ सेकंदांत पोहायची, ती ३८.६ वर आली.

चोर्ल्यातून पणजीला

जूनच्या शेवटी गोव्यातल्या एका टीमबरोबर मैत्रीपूर्ण स्पर्धा ठरली. ठिकाण पणजीचा कांपाल तलाव. आज्जी म्हणजे माझ्या मुलीची पणजी. तेव्हा पणजीला थाप मारून आम्ही पणजीला निघालो. कराटेची स्पर्धा, असं सांगून.

टेम्पो ट्रॅव्हलर पहाटे निघाली. जांबोटी सोडलं आणि पाऊस सुरू झाला. कणकुंबीला चहासाठी थांबलो. मलप्रभेचा उगम इथलाच. ही नदी इथून पूर्वेला जाते आणि कृष्णेला मिळते, म्हणजे शेवटी बंगालच्या उपसागराला. आणि याच खानापूर तालुक्यातल्या डोंगरात उगम पावलेली म्हादई पश्चिमेला उतरून गोव्यात मांडवी होते. एकाच रानात पडलेला पाऊस, पण कुठल्या उतारावर पडला त्यावर त्याचा समुद्र ठरतो. मी हे पोरांना समजावून सांगत होतो. तेवढ्यात मागच्या सीटवरून आवाज आला, "अंकल, पिशवी आहे काय? हा ओकतोय." चोर्ला घाटाची वळणं सुरू झाली होती. भूगोल तिथेच संपला.

धुकं इतकं की ड्रायव्हरनं दिवे लावले. डाव्या-उजव्या हाताला कड्यावरून पाणी पडत होतं, ते दिसण्याआधी ऐकू यायचं. केरीला उतरलो तेव्हा ऊन होतं. साखळी, डिचोली करत पणजीला पोचेपर्यंत सगळ्यांचे चेहरे पुन्हा माणसांत आले होते.

कांपालचा तलाव मांडवीपासून चालत पाच मिनिटांवर. २०२३ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांत पोहण्याच्या शर्यती इथेच झाल्या. कोल्हापूरचा वीरधवल खाडे आणि त्याची पत्नी ऋजुता, दोघांनीही ५० मीटर फ्रीस्टाइलची सुवर्णपदकं याच पाण्यात मिळवली. सरांनी पोरांना काठावर बसवून त्याची गोष्ट सांगितली. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकला गेला तेव्हा तो सोळा वर्षांचा होता. बेंगळूरला राहून निहार अमीन यांच्या हाताखाली त्यानं सराव केला. २०१० च्या आशियाई स्पर्धेत त्याला ५० मीटर बटरफ्लायमध्ये कांस्य मिळालं. पोहण्यातलं त्याआधीचं भारताचं पदक १९८६ चं, खजान सिंग यांचं रौप्य. म्हणजे मध्ये चोवीस वर्षं काहीच नाही. "कोल्हापूर म्हणजे आपल्यापासून किती लांब?" सरांनी विचारलं. "अडीच तास," एक पोरगा म्हणाला. "बस लवकर मिळाली तर दोन."

स्पर्धेत आमच्या पोरांचं बरं-वाईट दोन्ही झालं. छोट्या शिट्ट्या वाजल्या की तयार व्हायचं, लांब शिट्टीला ठोकळ्यावर चढायचं, 'टेक युअर मार्क्स' म्हटलं की पुतळ्यासारखं स्थिर व्हायचं. हे सगळं शंभर वेळा घोटलेलं, तरी आमचा एक जण शिट्टीलाच पाण्यात पडला आणि बाद झाला. ब्रेस्टस्ट्रोकमध्ये वळताना दोन्ही हात एकदम भिंतीला लागावे लागतात. आणखी एकीचा एकच लागला. पण आठ पोरांनी आपापली आधीची वेळ मोडली.

आणि एक गंमत झाली. आमच्याच दोन मुलांची ५० मीटर बॅकस्ट्रोकची वेळ शतांश सेकंदापर्यंत सारखी आली. दोघंही भांडायला उठले, मीच पुढे होतो म्हणून. मला त्या आधीच वाचलेली गोष्ट आठवली आणि मी ती सांगितली. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये ४०० मीटर मेडलेच्या शर्यतीत स्वीडनचा गुन्नर लार्सन आणि अमेरिकेचा टिम मॅकी एकदम पोचले. शतांशापर्यंत बरोबरी. मग सहस्रांश बघितले आणि लार्सनला दोन सहस्रांश सेकंदांनी सुवर्ण दिलं. त्या वेगानं दोन सहस्रांश म्हणजे अंतर साधारण तीन मिलिमीटर. तलाव बांधताना एका लेनच्या भिंतीचा गिलावासुद्धा तेवढा जाड-पातळ होऊ शकतो. म्हणून पुढे नियम बदलला. आता वेळ शतांशापर्यंतच मोजतात आणि बरोबरी असेल तर बरोबरीच. दोघांनी ऐकून घेतलं. एक जण म्हणाला, "म्हणजे याची लेन छोटी होती की!"

दोन दिवसांनी बेळगावच्या एका पेपरात टीमचा फोटो छापून आला. सगळे टोप्या आणि गॉगल घातलेले, मागे निळा तलाव. आज्जीला चष्मा लावून पेपर वाचायची सवय आहे, हे आम्ही विसरलो होतो.

ती ओरडली नाही. दोन दिवस कुणाशीच बोलली नाही. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मला बोलावून तिनं एकच गोष्ट विचारली. "तिथं तळ दिसतो काय?"

मी म्हणालो, "दिसतो. निळ्या फरशा आहेत. खाली काळी पट्टीसुद्धा दिसते."

"त्या विहिरीचा दिसत नव्हता," ती म्हणाली आणि भाजी निवडायला लागली. पोरीला मात्र दुसऱ्या दिवसापासून पहाटे उठून गरम दूध तीच द्यायला लागली.

बेंगळूर, पहिली खेप

जुलैअखेर राज्य पातळीची वयोगट स्पर्धा होती. राणी चन्नम्मा एक्स्प्रेसचं एक पूर्ण कंपार्टमेंट आमचं. खानापूर, लोंढा, अळणावर; धारवाड येईपर्यंत डबे संपले होते. हुबळीला सरांनी दिवे बंद करायला लावले. पहाटे तुमकूरला जाग आली तर आमची कन्या खिडकीला नाक लावून बसलेली. "बाबा, तिथं सगळे आपल्यापेक्षा फास्ट असतील काय?" मी म्हणालो, "सगळे नसतील." हे खोटं नव्हतं, पण फारसं खरंही नव्हतं.

स्पर्धा बसवनगुडी अ‍ॅक्वाटिक सेंटरमध्ये होती. कर्नाटकातलं पोहणं म्हणजे बरंचसं बेंगळूर, आणि देशातलं पोहणं म्हणजे बरंचसं कर्नाटक. तिथल्या गॅलरीत बसलं की हे सांगायला आकडे लागत नाहीत. सरावाच्या वेळी पाण्यात पाणी दिसत नव्हतं, नुसत्या टोप्या. आमच्या मुलीच्या वयाच्या मुली भिंतीपाशी कोलांटी मारून अशा निसटत होत्या की कधी वळल्या ते कळायचं नाही.

शर्यतींची रचना अशी असते की नोंदवलेल्या वेळेप्रमाणे गट पडतात. हळू पोहणारे पहिल्या गटात, वेगवान शेवटच्या. गटातही सगळ्यात वेगवान पोरं मधल्या लेनमध्ये आणि बाकीची कडेला. प्रवेशयादी हातात पडली तेव्हा मी आमची नावं शोधली. जवळजवळ सगळी पहिल्या नाहीतर दुसऱ्या गटात, पहिल्या नाहीतर आठव्या लेनमध्ये. आमच्या शर्यती व्हायच्या तेव्हा गॅलरीतले लोक इडली खायला गेलेले असायचे.

पण रिले निराळी. ४ गुणिले ५० मीटर फ्रीस्टाइल, आमच्या चार मुली. गोव्याहून आल्यापासून त्यांच्या बेरजेच्या वेळा चांगल्या पडत होत्या आणि सरांनाही आशा होती. पहिली शहापूरची, दुसरी कॅम्पातली, तिसरी अनगोळची कन्नड मुलगी, शेवटची आमची. आम्ही सगळे पालक रेलिंगला चिकटून उभे. "बेळगाव! बेळगाव!" ओरडताना कोण कुठल्या भाषेतलं हे कुणाच्या लक्षात नव्हतं.

तिसरी मुलगी परतताना आम्ही पाचवे होतो. चौथ्याच्या अगदी जवळ. शेजारच्या लेनमधली शेवटची मुलगी ठोकळ्यावरून सुटली आणि तिच्याबरोबर आमचीही सुटली. फार नाही, डोळ्याचं पातं लवावं एवढंच आधी. तिसरीचा हात अजून भिंतीला लागायचा होता.

मला तेव्हा काहीच कळलं नाही. मी बघितलं ते एवढंच, की माझी पोरगी कधी पोहली नव्हती अशी पोहतेय. ती चौथी आली. पाण्यातून डोकं वर काढून तिनं आमच्याकडे बघितलं आणि हसली. मग फलकावर आमच्या नावापुढे वेळेच्या जागी 'डीक्यू' आलं. बाद.

आमच्यातले एक पालक तक्रार नोंदवायला निघाले. पैसे भरून लेखी हरकत घेता येते. सरांनी त्यांना थांबवलं. "मी बघितलंय. पाय आधी सुटले. त्या बाईंनी बरोबर लिहिलं आहे."

दुपारी पोरांना गांधी बाजारात विद्यार्थी भवनला नेलं. १९४३ पासूनचं हॉटेल, डोसा खायला बाहेर रांग. वेटर एका हातावर डोशांच्या ताटल्यांची उतरंड घेऊन आला तेव्हा सगळी पोरं टाळ्या वाजवायला लागली. आमची नाही. तिसरी मुलगी टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसली होती आणि तिच्याकडे बघत नव्हती. रात्री परतीच्या गाडीत पोरगी वरच्या बर्थवर तोंड फिरवून झोपली. मी खाली लॅपटॉप उघडला. रिलेतल्या तिच्या ५० मीटरची वेळ मी घेतली होती, ३६.९. आजवरची सगळ्यात चांगली. ती कुठल्या रकान्यात घालायची ते मला कळेना. मी लॅपटॉप मिटला.

त्या मुलीची आई समोरच्या बर्थवर होती. तिला मराठी जेमतेम, मला कन्नड बेताचं. बऱ्याच वेळानं तिनं चिवड्याचा डबा पुढे केला आणि म्हणाली, "मक्कळु. होऊ दे." मक्कळु म्हणजे लेकरं.

काठावर

ऑगस्ट-सप्टेंबर हा हंगामाचा कंटाळवाणा भाग, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा. स्पर्धा नाही, पाऊस, शाळेच्या परीक्षा, सर्दी. तीन पोरांनी टीम सोडली. एकाची दहावी जवळ आली, दुसऱ्याचे वडील बदलून गेले, तिसऱ्याला क्रिकेट आवडायला लागलं. अकरा उरली.

सरांनी आमच्या मुलीला आणि त्या तिसरीला एक काम लावलं. रोज सरावानंतर वीस वेळा बदल. एकीनं शेवटचे पंधरा मीटर जोरात पोहत यायचं, दुसरीनं ठोकळ्यावर वाकून तिचा हात बघायचा. शेजारची लेन नाही, घड्याळ नाही, फक्त हात. हात भिंतीला लागला की सुटायचं. मग अदलाबदल. पहिले काही दिवस दोघी एकमेकींशी एक शब्द न बोलता हे करत होत्या. आमची इतकी घाबरली होती की हात लागून सेकंद-दीड सेकंद झाल्यावर उडी मारायची. सर म्हणायचे, "घाई पाण्यात कर. काठावर नको." एवढं एकच वाक्य, दोन महिने.

मी गॅलरीतून बघायचो. केव्हातरी गणपतीनंतर मला दिसलं, की तिसरी मुलगी पोहत येताना भिंतीला हात जरा जोरात आपटायला लागली आहे. धप्प असा आवाज यायचा. वरून उभीला हात दिसला नाही तरी ऐकू यावा म्हणून. हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. नंतर पोरीला विचारलं तर म्हणाली, "आम्ही ठरवलंय." कधी बोलायला लागल्या, ते काही तिनं सांगितलं नाही.

दसऱ्याच्या सुट्टीत आज्जी म्हणाली, मला तो तलाव दाखव. गाडीतून उतरून काठीच्या आधारानं ती गॅलरीपर्यंत आली. मला वाटलं खुर्चीवर बसेल. ती रेलिंगपाशी गेली आणि वाकून पाण्यात बघत राहिली. पोरं सराव करत होती. खालची काळी पट्टी हलत्या पाण्यातून वाकडीतिकडी दिसत होती.

"तळ दिसतोय की रे," ती म्हणाली.

मग बराच वेळ गप्प राहिली. आमची पोरगी फेऱ्या मारत होती. जाणं-येणं, जाणं-येणं. आज्जी ओठांत काहीतरी पुटपुटत होती. मला वाटलं जप. जवळ गेलो तर ती फेऱ्या मोजत होती. बावीस झाल्यावर म्हणाली, "तो पण असाच जायचा. थांबायचाच नाही." पन्नासेक वर्षांत काकाबद्दल तिच्या तोंडून मी पहिल्यांदाच काहीतरी ऐकलं, असं वडील रात्री म्हणाले.

बेंगळूर, दुसरी खेप

नोव्हेंबरमधली राज्यस्पर्धा २५ मीटरच्या तलावात होती. आम्ही बसवनगुडीतच उतरलो. कार्तिकातल्या शेवटच्या सोमवारी तिथे शेंगांची जत्रा भरते, कडलेकाई परिषे. बुल टेंपल रोडच्या दोन्ही बाजूंना आठवडाअखेरीसच भुईमुगाच्या शेंगांचे ढीग लागले होते. कच्च्या, भाजलेल्या, उकडलेल्या. शेतकरी पहिल्या शेंगा तिथल्या मोठ्या बसवण्णाला वाहतात. नंदीची ती अखंड दगडातली मूर्ती बघून पोरांनी मान वर करून तोंडं उघडली. सरांनी ताकीद दिली होती, शर्यत होईपर्यंत शेंगा खायच्या नाहीत. सगळ्यांच्या खिशात शेंगा होत्या.

पहिल्याच दिवशी आमच्या पोरांच्या वेळा धडाधड कमी आल्या. १०० मीटरला दोन-अडीच सेकंद! पालकांत एकच आनंद. मी तर व्हॉट्सअ‍ॅपवर आलेखसुद्धा टाकला. सरांनी संध्याकाळी आम्हाला जमिनीवर आणलं. ५० मीटरच्या तलावात १०० मीटरला एक वळण, २५ मीटरच्या तलावात तीन. प्रत्येक वळणाला भिंत पायांनी ढकलता येते, आणि पोहण्यापेक्षा ती ढकल वेगवान असते. "दीड-दोन सेकंद भिंतीनं दिलेत. राहिलेले पोरांचे." मी घाईनं एक्सेलमध्ये दोन वेगळे तक्ते केले. भिंतीचा वाटा काढूनही बहुतेक पोरं जुलैपेक्षा पुढे होती. थोडीच, पण होती.

कॅम्पातल्या मुलाला ५० मीटर ब्रेस्टस्ट्रोकमध्ये कांस्य मिळालं. वर्षभरातलं राज्य पातळीवरचं आमचं ते एकमेव पदक. आणखी दोघं अंतिम फेरीत गेली.

रविवारी रिले. त्याच चार मुली, तोच क्रम. मी या वेळी स्टॉपवॉच घेतलं नाही. बायको म्हणाली, हात रिकामे ठेव. तिसरी निघाली तेव्हा आम्ही सातवे होतो. तिनं एकीला मागे टाकलं. आमची ठोकळ्यावर वाकून उभी. शेजारच्या दोन्ही लेनमधल्या मुली सुटल्या. ही हलली नाही. तिसऱ्या शेजारणीची उडी झाली. ही अजून तशीच. मला वाटलं, गोठली. मग धप्प असा तो आवाज आला, एवढ्या गोंगाटातसुद्धा आम्हाला आला, आणि ती सुटली.

आम्ही सहावे आलो, आठांत. फलकावर वेळ आली : २ मिनिटं ३१.६ सेकंद. पुढे काही शेरा नाही. नुसती वेळ. चारही मुलींनी ती बघून जो आरडाओरडा केला, तो ऐकून पहिल्या आलेल्या टीमच्या मुली वळून बघायला लागल्या. सरांनी वही काढली, काहीतरी लिहिलं आणि म्हणाले, "बदल अजून स्लो आहे. ओके."

परतीच्या गाडीत आमची कन्या आणि तिसरी एकाच बर्थवर बसून शेंगा फोडत होत्या. अरसीकेरे ते दावणगेरे टरफलांचा खच. तिच्या आईनं मला विचारलं, "सिक्स्थ अंद्रे, एवढा आनंद?" आम्ही दोघंही हसलो.

माझी फेरी

डिसेंबरमध्ये मी मोठ्या माणसांच्या बॅचला नाव घातलं. बेळगावची डिसेंबरची थंडी ज्यांना माहीत आहे त्यांना हा मुहूर्त किती चुकीचा ते कळेल. बॅचमध्ये मी छत्तीस वर्षांचा, माझ्या शेजारी एक निवृत्त बँक मॅनेजर आणि दोन कॉलेजची पोरं. पहिले चार दिवस मी कठडा सोडला नाही. पाण्यात तोंड घातलं की काठावर बसून कपडे राखणारा तो मुलगा आठवायचा, आणि छाती धडधडायची. पाचव्या दिवशी डोळे उघडे ठेवून खाली बघितलं. फरशा, काळी पट्टी, माझे स्वतःचे पाय. तळ दिसत होता.

फेब्रुवारीत एका रविवारी मी उथळ बाजूनं आडवी रुंदी, म्हणजे साधारण वीस-बावीस मीटर, न थांबता पार केली. पोरगी काठावर माझाच मोबाइल घेऊन उभी. शेवटच्या दोन मीटरला दम संपला, पाय टेकले, चालतच भिंतीपाशी आलो आणि विचारलं, "किती?"

"पाय टेकलास. धरणार नाही."

"अगं, दोनच पावलं."

"बाबा, परत."

परत गेलो, परत आलो. या वेळी हात लागला. एक मिनिट चार सेकंद. घरी येऊन एक्सेलमध्ये तिनं माझ्या नावाचा नवीन रकाना केला आणि पहिली वेळ स्वतः टाईप केली. आज्जी शेजारी बसली होती. तिनं स्क्रीनकडे बघितलं, मग माझ्या ओल्या केसांकडे, आणि म्हणाली, "तू पण कराटेला जातोस काय आता?"